पहिला हात बटणाकडे जातो: सांगलीच्या गावभागातल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी एका घराभोवती जुळवलेलं आहे. घर कोणाचं, गल्ली कुठली हे शोधत बसू नये. गावभागात आणि खणभागात अशी घरं ओळीने आहेत आणि इथे मांडलेली प्रत्येक चूक त्यांच्या स्वयंपाकघरांत नेहमी होते. अग्निशमन दलाने लोकांना काय कळवावं, केव्हा आणि कोणत्या शब्दांत कळवावं, हा आपला विषय. पण त्यासाठी आधी ती एक रात्र जवळून बघायला हवी.

घर दुमजली. खाली शहाबादी फरशी, वर लाकडी माडी. रस्त्यापासून आत बोळ, बोळाच्या टोकाला दार आणि दाराबाहेरच भिंतीवर विजेचा मीटर. आत पहिली खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर: १० फूट रुंद, १२ फूट लांब, ९ फूट उंच. त्याला एकच खिडकी, ती मागच्या बाजूला उघडते आणि थंडीत बंदच असते. कोपऱ्यात मोरी. ओट्याखाली गॅसची टाकी, तिच्यापासून दोन हातांवर दुसरी भरलेली टाकी. भिंतीत देव्हारा, त्याच्या खाली फ्रीज. आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीला लागून, बटणांचा बोर्ड. बोर्डाची ही जागा लक्षात ठेवा.

भोगीच्या आदल्या रात्री घरात तिळगुळाची गडबड होती. तीळ भाजून झाले, गुळाचा पाक शेगडीवर असताना साडेनऊच्या सुमारास गॅस संपला. पाक थांबत नसतो, म्हणून मुलाने घाईने टाकी बदलली. झाकण काढलं, रेग्युलेटर बसवला, शेगडी पेटवली, निळी ज्योत आली. साडेदहाला शेगडीची बटणं बंद झाली. रेग्युलेटर चालूच राहिला. सगळे माडीवर झोपायला गेले.

पहाटे पाचला सासूबाई उठून खाली आल्या. मधल्या खोलीत त्यांना वास आला. 'शेगडी चालू राहिली वाटतं' म्हणून त्या लगबगीने आत गेल्या. आत अंधार. उजवा हात सवयीने बोर्डाकडे गेला.

भपकन जाळ झाला. खिडकीची काच बाहेर उडाली. दोन्ही हात, चेहरा आणि गुडघ्याखालचे पाय भाजले. जाळ आला तसा क्षणात ओसरला, पण ओट्याखालचा पडदा, प्लास्टिकच्या बरण्या आणि रद्दी पेटली होती, आणि टाकीच्या तोंडाशी, रेग्युलेटरच्या बुडातून, हातभर ज्योत सुसाट चालू होती.

आता मागे जाऊ. शेगडी नीट पेटली म्हणजे टाकी नीट बसली, हा समज घरोघरी आहे आणि तो पूर्ण चुकीचा आहे. टाकीच्या वॉल्व्हच्या तोंडात आत एक काळा रबरी वायसर असतो, करंगळीच्या नखाएवढा. रेग्युलेटरची नळी त्या वायसरमध्ये घट्ट बसते आणि तोंड बंद होतं. वायसर चिरलेला, कडक झालेला किंवा नसलेलाच असेल, तर गॅस दोन वाटांनी जातो: एक नळीतून शेगडीला, दुसरी त्या फटीतून खोलीत. शेगडीला पुरेसा गॅस मिळतोच, म्हणून ज्योत निळी दिसते. वर ही गळती रेग्युलेटरच्या आधीची. रेग्युलेटर टाकीतला दाब उतरवून शेगडीला पेलेल इतका, पाण्याच्या ३० सेंटिमीटर उंचीएवढा, करतो. वायसरच्या फटीतून निघणारा गॅस टाकीच्या पूर्ण दाबाने निघतो. बारीक चीरही पुरते.

आणि इथेच या प्रकरणातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. टाकीचा वॉल्व्ह आपोआप बंद होणारा असतो. रेग्युलेटरचं बटण 'चालू'कडे फिरवलं की आतली पिन दाबली जाते आणि वॉल्व्ह उघडतो. 'बंद'कडे फिरवलं की पिन वर येते आणि टाकी मिटते. म्हणजे वायसर चिरलेला असूनही त्या रात्री रेग्युलेटर बंद केला असता, तर गळती तिथेच थांबली असती. शेगडीची बटणं बंद करून या गळतीला काडीचाही फरक पडत नाही, कारण शेगडी नळीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

किती गॅस लागतो? घरगुती गॅस हवेत साधारण २ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत असेल तर पेट घेतो. त्याहून कमी असला तर पेटत नाही, जास्त असला तरी पेटत नाही. या खोलीत तो सगळीकडे सारखा पसरला तरी सव्वा किलोच्या आसपास पुरतो; फक्त जमिनीलगतच्या दीड फुटात साठला तर सुमारे २०० ग्रॅमच. भरलेल्या टाकीत १४.२ किलो असतो. तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गळती धरली, तर साडेसहा तासांत किलो-सव्वा किलोचा हिशेब होतो. हा वेग म्हणजे शेगडीचा मोठा बर्नर न पेटवता उघडा ठेवण्यासारखा. त्यासाठी मोठा बिघाड लागत नाही.

गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो फरशीवर पसरतो, मोरीत उतरतो, उंबऱ्याखालून मधल्या खोलीत जातो, पण माडीवर चढत नाही. वर झोपलेल्या चार माणसांपैकी कोणालाही वास आला नाही, त्याचं कारण हे. गॅसला स्वतःचा वास नसतो; त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. त्याचं प्रमाण असं ठेवतात की पेट घेण्याइतका गॅस साठण्याच्या पुष्कळ आधी, साधारण पाचव्या भागालाच, नाकाला कळावं. पण नाक त्या खोलीत असायला हवं. शिवाय थंडीत सर्दीने नाक बंद असतं, आणि एकाच वासात बराच वेळ राहिलं तर नाक तो वास सोडून देतं. 'मघाशी येत होता, आता येत नाही' म्हणजे गॅस गेला असं नव्हे.

एक प्रश्न कोणीही जाणता विचारेल: गॅस खाली असतो, तर साडेचार फुटांवरच्या बोर्डातल्या ठिणगीने कसा पेटला? गॅसचा थर पाण्यासारखा सपाट बसत नाही. दाबाने सुटणारी धार हवा ढवळते, आणि दोन-तीन टक्के मिसळलेली हवा साध्या हवेपेक्षा फारशी जड राहत नाही, ती वरही सरकते. दार उघडून माणूस लगबगीने आत आला की ती आणखी ढवळली जाते. फ्रीज रात्रभर चालू-बंद होत होता. त्याच्या ठिणगीने आधीच पेट घेतला नाही ते केवळ नशीब. कित्येक घटनांत फ्रीजच कारण ठरतो.

बंब गेल्यावर उजेडात जे दिसलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याचा वरचा अर्धा भाग तसाच, तारखा वाचता येत होत्या. खालच्या कडा तपकिरी होऊन वर वळलेल्या. लाकडी कपाटाची खालची दोन फळकुटं कोळसा, वरची दोन फक्त काजळलेली. देव्हाऱ्यातल्या कापसाच्या वाती पेटलेल्या नव्हत्या. दाट गॅस खाली होता, जाळ खाली जास्त वेळ राहिला. सासूबाईंच्या पोटऱ्या सर्वांत जास्त का भाजल्या, याचं उत्तर त्या कॅलेंडरवर होतं.

गल्लीत मात्र दोनच गोष्टी बोलल्या जात होत्या: 'टाकी फुटली' आणि 'नळी उंदराने कुरतडली'. टाकी फुटलेली नव्हती. ती उभी, सलग, फक्त काळवंडलेली होती. फुटला तो खोलीतला गॅस. नळीचं नारिंगी आवरण बाहेरून भाजलेलं, पण आतली तारांची जाळी सलग होती. आतून गळणारी नळी अशी दिसत नाही. (नळीवर छापलेली मुदत मात्र संपलेली होती. ती पाच वर्षांनी बदलायची असते.) रेग्युलेटर वितळून एका बाजूला कलला होता आणि वॉल्व्हच्या तोंडातला वायसर टोकरल्यावर तुकड्याने निघाला. आगीत रबर जळतंच, त्यामुळे वायसरवरून एकट्याने निष्कर्ष काढता येत नाही. पण ज्योत रेग्युलेटरच्या बुडातून येत होती, शेगडीची बटणं बंद होती, रेग्युलेटर चालू होता आणि टाकी त्याच रात्री बदलली होती. हे चार धागे जुळले की दुसरं कारण उरत नाही.

गावभागासाठी एक जोड द्यावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथल्या कित्येक ओट्यांखालच्या टाक्या पाण्यात होत्या. पाण्यात बुडालेला रेग्युलेटर वरून पुसून पुन्हा वापरू नये. आतल्या पडद्यावर आणि स्प्रिंगवर गाळ बसतो, गंज चढतो, बटण 'बंद'कडे फिरलं तरी पिन पूर्ण वर येत नाही. असा रेग्युलेटर एजन्सीत नेऊन बदलून घ्यावा. माळ्यावर 'जादा' म्हणून जपून ठेवलेले जुने रेग्युलेटर यातलेच असतात.

आगीनंतरची पहिली दहा मिनिटं. काही गोष्टी फार चांगल्या झाल्या. शेजारच्या वहिनींनी आत न जाता बोळातला मेन स्विच खाली ओढला. मुलाने आईला उचलून बाहेर आणलं आणि मुलांना माडीच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीत उतरवलं, स्वयंपाकघराजवळच्या जिन्याने आणलं नाही. मग दोन तरुण पोरं जळती टाकी ओढून बोळात आणायला निघाली. ती आडवी पडली असती तर वायूऐवजी पातळ गॅस बाहेर पडला असता. एक लिटर पातळ गॅसचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. ज्योत हातभरावरून बोळभर झाली असती. "ओ दादा, टाकीला हात लावू नका, बंब येऊ दे!" असं कोणीतरी ओरडलं आणि ती थांबली. त्या ओरडण्याने दोन जीव वाचले असं म्हणायला हरकत नाही.

टाकीच्या तोंडाशी पेटलेली ज्योत विझवायची घाई का करू नये, हे लोकांना पटायला वेळ लागतो. गॅस बंद न करता ज्योत विझवली, तर गॅस तसाच सुटत राहतो, पुन्हा खोलीत साठतो आणि जवळच्या निखाऱ्याने दुसऱ्यांदा भपका होतो, तोही आत माणसं असताना. म्हणून क्रम असा: आधी गॅस बंद, मग आग आपोआप विझते. ज्योत लहान असेल, वाट मोकळी असेल आणि आजूबाजूला दुसरं काही पेटलेलं नसेल, तर जाड सुती चादर किंवा गोणपाट पाण्यात पूर्ण भिजवून, हात झाकून, मागच्या बाजूने टाकीवर टाकावं आणि त्याच हाताने रेग्युलेटर बंद करावा. नायलॉनचं पांघरूण चालत नाही, ते वितळून हाताला चिकटतं. इथे ओटा पेटलेला होता आणि रेग्युलेटर वितळत होता. इथे बाहेर थांबणंच बरोबर होतं.

फोन ५ वाजून १२ मिनिटांनी लागला. "गणपती मंदिराजवळ आग लागली, लवकर या" एवढंच सांगून ठेवला गेला. सांगलीत गणपती मंदिराजवळ म्हणजे अर्धा गावभाग. नियंत्रण कक्षाने उलट फोन करून विचारण्यात दोन मिनिटं गेली. बंब ५.२१ ला कोपऱ्यावर आला, आणि तिथेच थांबला, कारण गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या. तिथून घर १२० मीटर. पाण्याच्या पाइपची एक लांबी १५ मीटरची. आठ लांब्या जोडून, त्या दुचाकींच्या चाकांतून सोडवत, पाणी घरापर्यंत पोचायला ५.२९ झाले. कोपऱ्यावर एक माणूस हातात बॅटरी घेऊन उभा असता आणि चार गाड्या हलवल्या असत्या, तर यातली निम्मी मिनिटं वाचली असती.

१०१ किंवा ११२ ला फोन करताना सांगायचं ते एवढंच, आणि याच क्रमाने: गल्ली आणि जवळची ठळक खूण, काय पेटलंय, आत कोणी अडकलंय का आणि कोणत्या मजल्यावर, टाक्या किती, मोठी गाडी कुठपर्यंत येईल. समोरच्याने 'ठेवा' म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आजींनाही म्हणता येईल असं एक वाक्य आधीच कागदावर लिहून फोनजवळ चिकटवावं.

जवानांनी वीज बंद असल्याची खात्री केली, पाण्याची सरळ धार न मारता फवारा ठेवला, दोन्ही टाक्या थंड केल्या आणि फवाऱ्याच्या आडून जाऊन रेग्युलेटर बंद केला. ज्योत गेली. तापलेली दुसरी टाकी उभीच धरून मोकळ्यावर नेली. मग गॅस मोजण्याचं यंत्र घेऊन फरशीलगत, मोरीच्या तोंडात आणि मधल्या खोलीच्या कोपऱ्यांत तपासणी केली. हे शेवटचं काम लोकांना वेळकाढूपणा वाटतो. मोरीत साठलेला गॅस तासाभरानेही पेटतो, म्हणून ते केल्याशिवाय घर ताब्यात देत नाहीत.

भाजण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण इथे सर्वांत प्रेमाने सर्वांत मोठी चूक झाली. शेजारणींनी सासूबाईंच्या हातांना हळद आणि टूथपेस्ट लावली. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात हळद लावू नका हे सांगणं जड जातं, पण सांगायलाच हवं. भाजल्यावर कातडीच्या आत उष्णता राहते आणि ती पुढची काही मिनिटं खोलवर जाळत असते. लेप लावला की ती आतच कोंडते, वर दवाखान्यात तो खरवडून काढावा लागतो आणि जखम किती खोल हे डॉक्टरांना दिसत नाही. करायचं ते हे: नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ नाही, फ्रीजचं पाणी नाही. पाणी सुरू असतानाच बांगड्या, पाटल्या, अंगठ्या, जोडवी काढायची. अर्ध्या तासात बोटं सुजतात आणि मग त्या कापाव्या लागतात. चिकटलेलं कापड ओढायचं नाही, भोवतीने कापायचं. स्वच्छ धुतलेलं सुती कापड सैल पांघरायचं आणि १०८ बोलवायची. चेहरा भाजला असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकातले केस करपले असतील, तर श्वासनलिका आतून सुजू शकते. अशा माणसाला बसतं ठेवून ताबडतोब न्यायचं, जखम लहान दिसली तरी.

आता टाकी बदलण्याचा नीट क्रम. याला घड्याळ लावून चार मिनिटं पुरतात. खिडकी उघडायची, देव्हाऱ्यातलं निरांजन आणि उदबत्ती विझवायची. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करायचा. रेग्युलेटरच्या बुडाशी असलेली काळी कडी वर उचलून तो हलकेच फिरवत काढायचा आणि रिकाम्या टाकीवर लगेच झाकण लावायचं. रिकामी म्हणजे पूर्ण रिकामी नसते. नव्या टाकीचं झाकण दोरी ओढून काढायचं. मग थांबायचं. उजेडात वॉल्व्हच्या तोंडात बघायचं: काळा वायसर गोल, सलग, मऊ दिसतो का. तोंडात दोन थेंब पाणी टाकायचं. बुडबुडा आला तर पिनच गळतेय. वायसर नसेल, चिरलेला असेल किंवा बुडबुडा आला, तर रेग्युलेटर बसवायचाच नाही, झाकण लावून टाकी मोकळ्या हवेत ठेवायची आणि एजन्सीला कळवायचं. जुन्या टाकीतला वायसर टाचणीने काढून नव्या टाकीत घालण्याचा उद्योग करू नये. काढतानाच तो चिरतो. हे सगळं टाळायचं तर टाकी घरी येते तेव्हाच गॅसवाल्याकडून वजन आणि गळती तपासून घ्यावी. ते त्याचं कामच आहे, उपकार नव्हे.

सगळं ठीक असेल तर कडी वर धरून रेग्युलेटर दाबायचा, कडी सोडायची, 'टक' असा आवाज येतो. वर ओढून पाहायचं, निघता कामा नये. मग रेग्युलेटर चालू, शेगडी बंद, आणि साबणाचं पाणी. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर भांडी घासायचं द्रव, जुन्या ब्रशने तीन ठिकाणी: रेग्युलेटरच्या बुडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना, शेगडीच्या बटणांच्या मुळाशी. अर्धं मिनिट नीट बघायचं. फुगे आले, वाढत गेले, की गळती. काडी ओढून गळती बघणारे अजून आहेत. त्यांना घरातल्यांनीच अडवावं.

आणि गळती झालीच तर? वास हलका आहे आणि तुम्ही ओट्यापाशीच आहात, तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं. वास भरून राहिलाय किंवा 'सुर्र' आवाज येतोय, तर आत जायचंच नाही. दोन्ही वेळा विजेचं कोणतंही बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा लावून गॅस घालवायचा विचार मनातही आणू नये. मोबाइल बाहेर येऊन वापरायचा. मेन स्विच घराबाहेर, वास नसलेल्या जागी असेल तरच खाली करायचा. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

सुरक्षेची दोन साधनं घ्यावीशी वाटली तर जागा चुकवू नका. गॅस ओळखणारा अलार्म फरशीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर लावायचा, छताला नाही. कोरड्या पावडरचं छोटं अग्निशामक नळकांडं शेगडीवर नव्हे, दारापाशी टांगायचं, म्हणजे ते घ्यायला आगीजवळ जावं लागत नाही. काटा हिरव्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघायचं. ते पेटलेल्या पडद्यासाठी आणि कपाटासाठी आहे, टाकीच्या ज्योतीसाठी नाही.

विम्याचं थोडक्यात: गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, त्याचा वेगळा हप्ता द्यावा लागत नाही. एजन्सीला लगेच लेखी कळवावं. पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला आणि दवाखान्याची बिलं जपावीत. जोडणी नोंदवलेल्या पत्त्यावर आहे का, शेगडी, नळी आणि रेग्युलेटर आयएसआय मार्कची आहेत का, हे पाहिलं जातं. म्हणून रस्त्यावरची स्वस्त नळी दोन्ही बाजूंनी महाग पडते.

आता लोकांना कळवण्याचा भाग. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याखाली ज्या इमारतींना यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, ती चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. बोळातल्या दुमजली घराच्या ओट्याखाली असं कोणी बघायला येत नाही. तिथे दलाच्या हाती एकच गोष्ट उरते: योग्य वेळी, योग्य शब्दांत सांगितलेली आठवण. ती आठवण साधारणपणे कशी असते? 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, गॅस सिलिंडर वापरताना योग्य ती दक्षता घ्यावी व अनुचित प्रकार टाळावेत.' यात करायचं काय ते एकही नाही. हाताला काम न देणारी सूचना वाचून कोणाचाही हात थांबत नाही.

या प्रकरणात सकाळी आठच्या आत गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायला हवा असा मजकूर तयार झाला:

'आज पहाटे आपल्या भागात एका घरात गळलेला गॅस पेटला. एक बाई भाजल्या, दवाखान्यात आहेत. आग विझली आहे. टाकी फुटलेली नाही. रेग्युलेटर रात्रभर चालू होता आणि टाकीच्या तोंडाशी गळती होती. आज झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास आला तर लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. दार उघडा, बाहेर या, बाहेरून १९०६ ला फोन करा. आग असेल तर १०१ किंवा ११२.'

नाव नाही, घर नाही, फोटो नाही. 'टाकी फुटलेली नाही' हे वाक्य मुद्दाम आहे. टाकी फुटली असं मनात बसलं की माणूस म्हणतो, त्यात आपण काय करणार, आणि विषय सोडून देतो. वायसरचा शब्द या पहिल्या मजकुरात नाही, कारण सकाळी आठला तो पक्का झालेला नव्हता. तो संध्याकाळच्या दुसऱ्या मजकुरात आला, साबणाच्या पाण्याच्या कृतीसह. अंदाज सकाळी सांगून संध्याकाळी बदलला की तिसऱ्या वेळी कोणी वाचत नाही.

पण पहाटे सर्वांत आधी उठून स्वयंपाकघरात जाणारी बाई बहुधा व्हॉट्सॲप बघत नाही. तिच्यापर्यंत घंटागाडीचा भोंगा पोचतो. तोच मजकूर, वीस सेकंदांत बसेल असा, बोलीत, बाईच्या आवाजात रेकॉर्ड करून आठवडाभर सकाळी लावणं, हे छापील पत्रकापेक्षा कितीतरी स्वस्त आणि नेमकं काम आहे. वेळेचंही तसंच. अग्निशमन सेवा सप्ताह १४ ते २० एप्रिल असतो, १९४४ साली मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. तो पाळलाच पाहिजे. पण एप्रिलमध्ये खिडक्या उघड्या असतात. गॅस कोंडतो तो थंडीत, दारं बंद असताना, म्हणून गळतीची आठवण डिसेंबरच्या मध्यापासून द्यायला हवी, आणि महापुराच्या इशाऱ्यासोबत रेग्युलेटरची वेगळी.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. ज्या बायकांशी बोलायचं त्या सगळ्या त्या दिवसांत एकमेकींच्या स्वयंपाकघरात असतात. म्हणून ठरलं असं: दलातल्या किंवा एजन्सीतल्या माणसाने एका घरी तासभर बसायचं, त्याच घरच्या टाकीवर वायसर दाखवायचा, साबणाचं पाणी लावायचं, आणि मग प्रत्येकीने आपल्या घरी ते एकदा करून बघायचं. वाण म्हणून साबणाच्या पाण्यासाठी छोटी बाटली, एक ब्रश आणि एक स्टिकर. स्टिकरवर तीनच ओळी: 'वास येतोय का? बटण नको. बाहेर या, १९०६.'

स्टिकर कुठे लावायचा यावर बरंच बोलणं झालं. टाकीवर लावला तर टाकी जाते, स्टिकर जातो. शेगडीजवळ लावला तर तेलकटपणाने महिनाभरात गळतो. फ्रीजवर लावला तर पहाटे अंधारात दिसत नाही. शेवटी तो बोर्डावरच, पहिल्या बटणाच्या अर्ध्यावर येईल असा, लावायचं ठरलं. जाड कागदाचा, कडा उचललेली, म्हणजे अंधारात बटण शोधणाऱ्या बोटाला आधी तो लागतो.